फिंटन यंदाही नापास

“इथं नाही रे बाळा. तुमचं खोटं तिकडं, जिममध्ये,” असं म्हणून हेशनबाईंनी परीक्षेच्या हॉलचं दार बार्टलीच्या नाकासमोर लावून घेतलं.

दार आपटलं नाही, हळूच लावलं. आत पोरं शालान्त परीक्षेचा पहिला पेपर उघडत होती आणि कागद उलटल्याची सळसळ फटीतून बाहेर येत होती. अंगात शाळेचा हिरवा स्वेटर, गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा टाय, आणि डोक्याच्या मधोमध पडू लागलेल्या टकलावर थापलेली तपकिरी पावडर, अशा अवस्थेत एकोणतीस वर्षांचा बार्टली ग्रीलिश त्या दाराकडे बघत राहिला. मग त्यानं पुन्हा टकटक केली.

दार बोटभर उघडलं.

“बाई, मी खरा आहे.”

“हो हो, अगदी खरा वाटतोस. माझी बहीण तर तुझ्यावर जीव टाकते.”

“तसं नव्हे. मी खरा परीक्षार्थी आहे. बाहेरून बसलोय. आत माझा बाक आहे. यादीत बघा ना, बार्टली ग्रीलिश.”

“असेल यादीत बार्टली ग्रीलिश. पण तू तर फिंटन.”

हे वाक्य बार्टली बारा वर्षं ऐकत आला होता. हेशनबाई परगावच्या होत्या. पर्यवेक्षक परगावचाच असावा असा नियम आहे. ओळखीचा माणूस असला की पोरांना उत्तरं सुचायला लागतात. पण फिंटनला न ओळखणारं परगाव सरकारला अजून सापडलेलं नव्हतं.

“हॉलतिकीट?” बाईंनी विचारलं.

“जॅकेटात आहे.”

“आणि जॅकेट?”

“शूटिंगवाल्यांकडं.”

बाईंनी सुस्कारा सोडला. “हे बघ, मला बजावून ठेवलंय. टीव्हीवाल्यांपैकी चिटपाखरू आत येता कामा नये. हॉलतिकीट आण, ओळखपत्र आण, बस. पण अर्ध्या तासाच्या आत. त्यानंतर साक्षात पोप आले तरी मी आत घेत नाही.”

दार पुन्हा हळूच लागलं.

यात चूक कोणाची म्हणाल, तर सूर्याची. रॉसनागेल गावात मे महिनाभर पाऊस पडतो, आणि शालान्तचा पहिला पेपर ज्या दिवशी असतो त्या सकाळी आठ वाजता सूर्य असा येतो, की जणू त्यालाही वेळापत्रक पोस्टानं आलेलं असावं. पोरं आत कोंडलेली आणि बाहेर ऊन, हे या देशात इतकं ठरलेलं आहे, की शेतकरी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज न ऐकता परीक्षेची तारीख बघून गवत कापायला घेतात. त्यामुळे टीव्हीवर परीक्षेचा प्रसंग दाखवायचा, तर खिडकीतून ऊन यायलाच हवं. पावसातली परीक्षा दाखवली, तर लोक चॅनेलला फोन करतील, की हे भलतंच काय दाखवता? मागच्या आठवड्यात दिवे लावून ऊन करून बघितलं होतं. ते स्पेनसारखं दिसलं.

म्हणून आज सकाळी ऊन पडल्याबरोबर सगळं वेळापत्रक उलटंपालटं झालं. बार्टलीला दुपारपर्यंत सुट्टी होती. तो दोन पेनं, आईनं जॅकेटाच्या आतल्या बाजूला टाचलेला देवमातेचा बिल्ला आणि पोटात उकडलेलं अंडं घेऊन शाळेच्या फाटकातून आत शिरला, तेवढ्यात कपडेपट सांभाळणाऱ्या डिंफ्नानं त्याला धरलं, दंडाला धरून जुन्या इमारतीत नेलं, आणि “ऊन जाईल, ऊन जाईल” असं पुटपुटत त्याचं जॅकेट उतरवून त्याला स्वेटरात कोंबलं. तो “अगं पण” म्हणेपर्यंत टकलावर पावडरही बसली होती. तिथून तो निसटला आणि हॉलकडे धावला. जॅकेट मात्र मागंच राहिलं.

‘मागचा बाक’ ही मालिका रॉसनागेलच्या शाळेत पहिल्यांदा आली, तेव्हा बार्टली सतरा वर्षांचा होता आणि खरोखरच मागच्या बाकावर बसत असे. मासेमाराचा पोरगा फिंटन म्हणून त्याला निवडलं. फिंटनचं काम सोपं होतं. दर भागात शाळेत काहीतरी जळायचं, फुटायचं, नाहीतर रसायनशाळेत मेंढा शिरायचा, सर गर्रकन वळून बघायचे, आणि मागच्या बाकावरून फिंटन म्हणायचा, “सर, मी नव्हतो.” एवढंच. देश वेडा झाला. पेट्रोल पंपावर, दवाखान्यात, मतदानाच्या रांगेत लोक बार्टलीला बघून ओरडायचे, “सर, मी नव्हतो!” त्याच्या आजोबांची शवपेटी खाली सोडताना मागून कोणीतरी हळूच तेच म्हणालं, आणि पाद्रीच फिस्सकन हसला.

पहिल्या वर्षीचं शूटिंग नेमकं शालान्त परीक्षेच्या आठवड्यात आलं. सगळ्या गावानं समजावलं, पोरा, परीक्षा दर जूनला येते, टीव्ही एकदाच येतो. गावाचं चुकलं. टीव्हीही दर जूनला येऊ लागला.

फिंटन पास होणं शक्यच नव्हतं, कारण पास झाला तर मालिकेतून गेला. पहिल्या वर्षी तो नापास झाला. दुसऱ्या वर्षी गोलपोस्ट डोक्यात पडून बेशुद्ध राहिला. तिसऱ्या वर्षी शाळा जळाली आणि उत्तरपत्रिकांसकट वर्ष जळालं. मग प्रेमभंग, मग गालफुगी, मग पुन्हा साधं नापास. त्याच्या बरोबरीची पोरं मालिकेत ऑस्ट्रेलियाला गेली, ट्रॅक्टरखाली गेली, आणि प्रत्यक्षात दातांचे डॉक्टर झाली. मालिकेतली त्याची आई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी होती आणि शूटिंग संपलं की त्याच्याकडे सिगरेट मागायची. ऑर्ला नावाची एक मुलगी दोन वर्षं त्याच्याबरोबर हिंडली. शेवटी म्हणाली, तू चांगला आहेस रे, पण आपण हॉटेलात गेलो की लोक माझ्याकडं अशा नजरेनं बघतात, जसं काही मी तुला शाळेतून पळवून आणलंय.

हिवाळ्यात तो किनाऱ्यावरच्या रस्त्यालगत पेट्रोल पंपावर असायचा आणि सवड मिळेल तेव्हा वडिलांच्या नावेवर. कॉर्क शहरात बोटींच्या इंजिनांचं शिक्षण मिळतं. त्यासाठी शालान्त पास हवं, आणि त्यातही इंग्रजी, म्हणजे आजचा पहिला पेपर, हवंच. घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन खिळे आहेत. एकावर बहिणीचा पदवीच्या झग्यातला फोटो, दुसऱ्यावर भावाचा. तिसऱ्यावर आईनं ‘तूर्तास’ म्हणून कॅलेंडर लावलंय. दर जानेवारीत नवं लावते.

यंदा त्यानं अर्ज केला. गाजावाजा केला नाही. आईनं आज पहाटे खिडकीत मेणबत्ती लावली. मालिकेतल्या फिंटनसाठी ती दर वर्षी लावायची. बार्टलीसाठी ही पहिलीच.

“ए! व्हरांड्यात पळायचं नाही!”

जुन्या इमारतीकडं धावणारा बार्टली जागच्या जागी थांबला. मुख्याध्यापक टायग मॅनिअन हातात चहाचा मग घेऊन उभा होता.

“शर्ट आत खोच.”

बार्टलीचे हात आपोआप शर्टाकडं गेले. खोचून झाल्यावर तो म्हणाला, “टायग, मी आहे.”

“मॅनिअन सर म्हणायचं,” टायग म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा लाल झाला. दोघं एकेकाळी एकाच बाकावर बसायचे. टायगची बहुतेक उत्तरं बार्टलीच्या वहीतली होती. “अरे, बार्टली! लेका, स्वेटर दिसला की तोंडातून निघतंच बघ.”

“ते राहू दे. माझ्याबरोबर चल आणि हॉलवरच्या बाईंना सांग मी कोण ते. मी परीक्षेला बसलोय.”

“ठाऊक आहे. अर्जावर सही मीच केली. पण मला त्या हॉलच्या आसपास फिरकता येत नाही. पेपर चालू असताना शाळेचा माणूस तिथं दिसला, तर अख्खं केंद्र रद्द.”

“मग चिठ्ठी दे.”

“चिठ्ठी?” टायगनं मग खिडकीत ठेवला. “परीक्षा सुरू असताना मुख्याध्यापकानं आत चिठ्ठी पाठवायची? तुला पास व्हायचंय, की मला तुरुंगात घालायचंय?”

“टायग, तू माझ्या वहीवर पास झालास.”

“म्हणूनच सांगतोय, हळू बोल.”

बार्टली वळला. मागून टायगचा आवाज आला, “पळू नको म्हटलं ना!” आणि पाठोपाठ, “सॉरी! पळ! पळ!”

जुन्या इमारतीत मसणवटीसारखी शांतता होती. खरा पेपर चालू आहे तोवर आवाज करायचा नाही, या अटीवरच टायगनं शूटिंगला परवानगी दिली होती. त्यामुळे सगळी मंडळी बूट काढून मोज्यांवर वावरत होती, आणि शॉटच्या आधी वाजवायच्या पाटीच्या दांडीला कोणीतरी लोकरीचा मोजा घातला होता. ती वाजली की उशीवर चापट मारल्यासारखं व्हायचं.

डिंफ्ना इस्त्री करत होती. बार्टलीनं हातवारे करून जॅकेट विचारलं. डिंफ्नानं हातवारे करून काहीतरी सांगितलं. त्यावरून जॅकेट एक तर पोहायला गेलं होतं किंवा त्याला नमस्कार करत होतं.

“तोंडानं सांग!” तो कुजबुजला.

“कोलमनला घातलंय.”

“काय?”

“अरे, तो पर्यवेक्षक झालाय ना आज. जर्सी घालून आला. आपल्या गॉलवेची, फुटबॉलची, मरून रंगाची! पर्यवेक्षक असा असतो का? तुझं जॅकेट बघितलं, म्हटलं, वा! काय रया गेलेलं आहे! अगदी सरकारी.”

“त्यात माझं हॉलतिकीट आहे.”

“खरं?” डिंफ्ना खूष झाली. “म्हणूनच त्याची चाल बदलली!”

जिममध्ये बाकांच्या रांगा लावल्या होत्या आणि त्यांवर हिरव्या स्वेटरातली पोरं डोकी खाली घालून बसली होती. उंच खिडक्यांतून ऊन असं पडलं होतं, की कॅमेरावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बार्टली दारातून आत आला, तोच कोणीतरी त्याला ढकलून मागच्या बाकावर बसवलं, मोजा घातलेली पाटी ‘फट्’ झाली, आणि कॅमेरा फिरू लागला.

समोर प्रश्नपत्रिका होती. म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स होती. पडद्यावर अक्षर दिसत नाही.

बाकांमधून कोलमन येत होता. मागं बांधलेले हात, किंचित पुढं काढलेलं पोट, अंगात बार्टलीचं जॅकेट. तो जन्मभर गॉलवेची बस चालवत होता, आणि निवृत्त झाल्यापासून कोणी उशिरा येईल याची वाट बघत होता.

“कोलमनकाका,” बार्टली ओठ न हलवता म्हणाला, “जॅकेट द्या.”

“बोलायचं नाही. पेपर चालू आहे.”

“काका, पेपर खोटा आहे!”

“असं म्हणू नये. आपल्या डायरेक्टर ग्रोन्यानं मला सांगितलंय, मनापासून करा.”

“मला बाहेर जायचंय. खऱ्या परीक्षेला.”

“पहिला अर्धा तास कोणालाही हॉल सोडता येणार नाही,” कोलमन म्हणाला. त्यानं घरी बसून सगळे नियम पाठ केले होते, कारण त्याच्या भूमिकेला वाक्य नव्हतं आणि त्याला ते बरं वाटत नव्हतं. “नियम सहा.”

पलीकडच्या हॉलमध्ये खरी पर्यवेक्षिका त्याला आत घेत नव्हती, आणि इथं खोटा पर्यवेक्षक बाहेर सोडत नव्हता. बार्टलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सगळ्या जिममध्ये तेवढी एकच वस्तू खरी होती.

कॅमेरा थांबला. दिग्दर्शिका ग्रोन्या मोज्यांवर घसरत त्याच्यापाशी आली.

“सुंदर!” ती कुजबुजली. “काय ती तगमग! घड्याळाकडं बघितलंस ना, तिथं मी मानलं. जवळून घेऊ या आता.”

“ग्रोन्या, मला परीक्षा आहे.”

“हो ना. तेच घेतोय.”

“खरी. शेजारी. तूच सुट्टी दिली होतीस.”

“दुपारपर्यंत दिली होती रे. पण सूर्य दुपारी थांबणारे का?” तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ग्रोन्या वाईट नव्हती. पाच वर्षं ती ही मालिका करत होती, आणि तिला खरं तर देवमाशांवर माहितीपट करायचा होता. “आणि तुला कशाला हवी ती परीक्षा?”

“फिंटन यंदा पास होणार असं ठरलंय ना? मग पुढच्या वर्षी मी काय करू?”

ग्रोन्यानं हात काढून घेतला.

“ग्रोन्या?”

“चॅनेलनं बदललं.”

“म्हणजे?”

“कालच निरोप आला. त्यांचं म्हणणं असं, की पास झालेला पोरगा कोणाला आवडतो? पास झालेली पोरं घरोघरी आहेत. लोकांना फिंटन हवाय.”

“मी एकोणतीस वर्षांचा आहे.”

“मेकअपवाली म्हणाली, अजून दोन वर्षं आरामात निघतील.”

“माझी?”

“केसांची.”

आजूबाजूची पोरं माना खाली घालून ऐकत होती. त्यांतली काही, बार्टली पहिल्यांदा नापास झाला तेव्हा बालवाडीत असतील.

“ग्रोन्या,” तो म्हणाला, “मी बारा वर्षं सगळ्या देशासमोर नापास होतोय. खरा एकदाही झालेलो नाही. बसलोच नाही तर होणार कसा? पास होईन असं माझं म्हणणंच नाही. निदान एकदा खरं नापास तरी होऊ दे मला.”

ग्रोन्यानं खिडकीकडं बघितलं. समुद्रावर एक ढग उठला होता, छोटासाच, पण इकडच्या ढगांचा काही भरवसा नसतो.

“एक शॉट,” ती म्हणाली. “एकच. जवळून. मग जॅकेट घे आणि सुट.”

फिंटननं प्रश्नपत्रिका उघडायची, त्याला काही येत नाही हे त्याच्या लक्षात यायचं, मग त्यानं पेन चावायचं आणि घड्याळाकडं बघायचं. बार्टलीनं माहितीपत्रक उघडलं. रंगीत कपडे वेगळे धुवावेत, असं पहिल्या प्रश्नात म्हटलं होतं. त्यानं पेन चावलं. घड्याळाकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत जे काही आलं, ते बघून ध्वनिमुद्रणवाल्या बाईनं कानावरचं यंत्र काढून नाक पुसलं.

“झालं!” ग्रोन्या म्हणाली.

कोलमन जॅकेट सोडायला तयार नव्हता. “अजून अर्धा तास झालेला नाही,” तो म्हणाला. शेवटी डिंफ्नानं मागून बाह्या ओढल्या, तेव्हा तो गॉलवेच्या मरून जर्सीत, परीक्षेच्या हॉलमध्ये, सगळा अधिकार गमावून उभा राहिला.

बार्टली धावला. व्हरांड्यात टायगनं त्याला बघितलं आणि या वेळी तोंडावर हात दाबून धरला.

हेशनबाईंनी दार उघडलं. हॉलतिकीट घेतलं. ओळखपत्र घेतलं. फोटो बघितला, त्याच्याकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितला. फोटोत टक्कल दिसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

“तू खरंच बसला होतास?”

“हो.”

“हे फिंटनचं काही नव्हतं?”

“नाही, बाई.”

बाईंनी मागं वळून घड्याळ बघितलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, जसं काही आपण बघत राहिलो तर काटा शरमेनं मागं जाईल.

“अर्धा तास होऊन गेला रे,” त्या म्हणाल्या.

“किती गेला?”

“जिना चढायला लागतो तेवढा.”

“मी मघाशी दारात होतो. तुम्ही बघितलंत.”

“मी फिंटनला बघितलं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “बार्टली ग्रीलिश गैरहजर म्हणून मी माझ्या हातानं खूण केली. आणि आता बाकीच्यांना कळलं, की मी वेळेनंतर एकाला घेतलं, तर त्यांचे पेपर…” त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

आत मागच्या रांगेत एका पोरानं मान वर करून बघितलं. त्यानं शेजारच्याला ढोसलं. मग अगदी हळू, प्रेमानंच, कोणीतरी म्हणालं, “सर, मी नव्हतो.” आणि सगळा हॉल, रात्र रात्र जागून आलेला, घाबरलेला, घामेजलेला हॉल खुदकन हसला. पोरांना बरं वाटलं असावं.

“शांत बसा!” हेशनबाई कडाडल्या.

बार्टलीनं हॉलतिकीट खिशात ठेवलं. “चालेल, बाई,” तो म्हणाला. चालणार कसलं होतं? पण असं म्हणायची पद्धत आहे.

“पुढच्या वर्षी…”

“हो.”

तो परत जिममध्ये गेला. ऊन होतं तोवर कामाला तोटा नव्हता. फिंटनचं पेन खाली पडलं. फिंटनला शिंका आल्या. फिंटननं शेजारच्या मुलीच्या पेपरात डोकावलं आणि कोलमननं त्याला पकडलं. कोलमनला आता कोणा प्रकाशयोजनावाल्याचा कोट मिळाला होता, पण पहिल्यासारखी चाल काही जमत नव्हती. मध्येच आईचा फोन येऊन गेल्याचं दिसलं. मग संदेश: मेणबत्ती अजून अर्धी आहे, घाई करू नकोस, सावकाश लिही.

त्यानं फोन पुन्हा खिशात टाकला.

दुपारच्या सुमारास तो समुद्रावरचा ढग आपली भावंडं घेऊन आला आणि खिडक्या राखाडी झाल्या. पलीकडं घंटा झाली. पोरं आरडाओरडा करत बाहेर पडली. आता आवाज करायला मुभा होती, म्हणून शूटिंगवाल्यांनीही बूट घातले आणि सगळे सूप अन् सोडा-ब्रेड घ्यायला गाडीकडं पळाले. बार्टली मागच्या बाकावरच बसून राहिला. डिंफ्ना म्हणाली, चल की, सूप निवेल. तो म्हणाला, येतो.

जिमच्या दारात पावलं वाजली. हेशनबाई होत्या. एका हातात रुमालात बांधलेलं सँडविच, दुसऱ्या हातात गुलाबी प्रश्नपत्रिका आणि कोऱ्या कागदांची चळत. त्या सरळ समोरच्या टेबलापाशी गेल्या. तिथं कोलमनसाठी ठेवलेली खोटी घंटा होती, पत्र्याची, न वाजणारी. ती त्यांनी बाजूला सारली आणि बाकांमधून चालत मागं आल्या.

“शिल्लक राहिलेली आहे,” त्यांनी प्रश्नपत्रिका त्याच्या पुढ्यात ठेवली. “तुझीच म्हण. पेपर संपल्यावर द्यायला हरकत नसते.”

“याचं काय करू?”

“काय करतात?”

“आता काय उपयोग, बाई?”

“काही नाही,” हेशनबाई म्हणाल्या. “मी हा पाठवू शकत नाही. कोणी तपासणार नाही. मला तपासताही येत नाही, मी भूगोलाची. पण दुपारच्या पेपराला अवकाश आहे, आणि बसवायचं काम मला येतं.” त्यांनी ती प्रश्नपत्रिका बाकावर नीट सरळ केली. “सकाळी मी तुला नीट बसवलं नाही.”

त्याच्या जॅकेटाच्या खिशात दोन्ही पेनं अजून होती. एक कोलमननं थोडं चावलेलं होतं, भूमिकेत शिरून. बार्टलीनं वॉशिंग मशीन बाजूला केलं आणि गुलाबी कागद उघडला. निबंधाचे विषय होते. देशाचं भवितव्य होतं, मैत्री होती, एका अनोळखी माणसाला पत्र होतं. शेवटचा विषय होता, घरातली एक साधी वस्तू.

त्यानं लिहायला घेतलं: आमच्या भिंतीवर तीन खिळे आहेत.

बाई टेबलामागं बसल्या. सँडविच सोडून त्यांनी एक घास घेतला, मग हे शोभत नाही असं वाटून पुन्हा बांधून ठेवलं. पाऊस सुरू झाला. पत्र्याच्या छपरावर तो वाजू लागला, तसे गाडीपाशी उभे असलेले लोक सुपाचे पेले सांभाळत जिमच्या दाराकडं पळत आले. सगळ्यांत पुढं ग्रोन्या. ती दारातच थांबली. मागच्या बाकावर वाकून लिहिणारा माणूस तिला दिसला. मोकळ्या बाकांच्या रांगा, खिडक्यांवर पाऊस, आणि पेन थांबत नाही. तिचा हात नकळत कॅमेरावाल्याच्या बाहीवर गेला. त्यानं पेला खाली ठेवला आणि कॅमेऱ्याकडं एक पाऊल टाकलं.

हेशनबाई उठल्या.

“बाहेर,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण हा आमचा सेट…”

“इथं परीक्षा चालू आहे. बाहेर व्हा सगळे. आणि बूट वाजवू नका.”

मंडळी सुपात पावसाचे थेंब झेलत मागं सरली. कोलमन तेवढा दारात रेंगाळला. त्यानं बाईंकडं पाहिलं, एका पर्यवेक्षकानं दुसऱ्याकडं पाहावं तसं, आणि अदबीनं दार ओढून घेतलं. ते आपटणार नाही याची त्यानं काळजी घेतली.

बार्टलीनं मान वर केली नव्हती. पावडर कपाळावर ओघळून तपकिरी रेघ आली होती, ती त्यानं मनगटानं पुसली. दुसऱ्या खिळ्यापर्यंत आला होता. भावाच्या फोटोत झगा उसना होता आणि आखूड होता, ते त्यानं लिहिलं. मग तिसरा खिळा आला. तिथं त्याचं पेन थांबलं, आणि पुन्हा चालू लागलं, आधीपेक्षा जोरात. टायगनं घंटा दिली, म्हणजे दुपारच्या पेपराची पोरं जमायला लागली असणार.

“शेवटची पाच मिनिटं,” हेशनबाई म्हणाल्या.

मागच्या बाकावर एक हात वर झाला. बारा वर्षांत तो हात वर झालेला कोणी पाहिला नव्हता.

“काय रे?”

“बाई,” बार्टली म्हणाला, “पुरवणी.”

बाई कोरा कागद घेऊन निघाल्या.